कोयनेवरून उडायचं तर आधी हंप ओलांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांनी प्रकल्प म्हणून दोन फ्लोटवरच्या, म्हणजे चाकांऐवजी होडीसारखे पोकळ तरंगे लावलेल्या, चार आसनी विमानाचा प्राथमिक आराखडा केला आहे. वजन १,१०० किलो, पंखांचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर, इंजिन १८० अश्वशक्तीचं, प्रोपेलरचा व्यास २.०३ मीटर. फ्लोटची रुंदी ०.७५ मीटर आणि स्टेपच्या, म्हणजे तळाला मधे असलेल्या पायरीच्या, पुढचा भाग ३ मीटर. विमान कोयनेच्या शिवसागरावरून उडेल असं धरलं आहे. चाकांच्या विमानाचं नेहमीचं सूत्र घेऊन त्यात घर्षणांक ०.०३ च्या जागी ०.१ घातला आणि धाव ३२५ मीटर आली. सरांचं म्हणणं, पाण्याला ०.१ कमी पडतो, ०.१५ घ्या. तर नेमका किती घ्यायचा? आणि टोइंग टँक, म्हणजे मॉडेल पाण्यातून ओढून रोध मोजायचा लांब हौद, हाताशी नसताना आकडे आणायचे कुठून?

मित्रांनो, ०.१ घ्या नाहीतर ०.१५, मूळ चूक तशीच राहते. धावपट्टीवर चाकांचं घर्षण सुरुवातीला सगळ्यात जास्त असतं आणि पंख वजन उचलू लागले की हळूहळू कमी होत जातं. म्हणून तिथे एक सरासरी आकडा खपून जातो. पाण्याचा रोध तसा वागत नाही. तो शून्यापासून सुरू होतो, वेग वाढेल तसा झपाट्याने चढतो, एका ठिकाणी शिखर गाठतो आणि मग उतरतो. त्या शिखराला आमच्या धंद्यात हंप म्हणतात. तुमचा ०.१ हा या डोंगराची सरासरी उंची आहे. डोंगर ओलांडता येईल का, हे सरासरी उंचीवरून कळत नाही.

तुमच्याकडे गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या लावून निघालेला ट्रॅक्टर पाहिलाच असेल. कारखाना पाच किलोमीटरवर की पंधरा, याची चालकाला चिंता नसते. त्याचा जीव अडकलेला असतो तो ओढ्याच्या पुलाआधीच्या चढात. तिथे ट्रॅक्टरचं तोंड उचललं गेलं की पुढचं सगळं गणित संपलं. शिवसागराचं पाणी कित्येक किलोमीटर लांब आहे, तेव्हा ३२५ मीटर लागतात की ६००, याने तुमचं विमान अडणार नाही. अडलंच तर हंपवर अडेल, आणि तिथे अडलेल्या विमानाला पाच किलोमीटर पाणी दिलं तरी ते पाच किलोमीटर नाक वर करून पाणी नांगरत जाईल.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एखाद्या रविवारी साताऱ्याहून कास मार्गे बामणोलीला या. तिथल्या लाँचमध्ये मागच्या बाकावर बसा आणि पाण्याकडे बघा. सावकाश चालताना लाँच सपाट असते, लाटा बारीक. चालकाने इंजिन वाढवलं की नाक उचलतं, शेपूट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात बसतं आणि आवाज दुप्पट होऊनही वेग जेमतेम वाढतो. लाँच जन्मभर तिथेच राहते, कारण तिच्या गोल तळाला आणि डिझेल इंजिनाला पुढे जायचंच नसतं. शेजारून स्पीडबोट जाते ती मात्र क्षणभर तसंच नाक वर करते आणि मग आडवी होऊन पाण्याच्या पृष्ठावर घसरू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. तोवर बोटीला तरंगवणारी शक्ती उत्प्लावन होती. आता तळावर आदळणाऱ्या पाण्याचा दाब तिला धरून ठेवतो. तुमच्या विमानाला लाँचपासून स्पीडबोटीपर्यंतचा हा प्रवास पहिल्या आठ-दहा सेकंदांत करायचा आहे, तोही पाण्यासाठी न बनवलेल्या प्रोपेलरच्या जोरावर.

आता तुमचेच आकडे घेऊन बसू.

शिवसागर पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ६६० मीटर असते. तापमान ३२ अंश धरलं तर हवेची घनता घनमीटरला १.०७ किलो येते. प्रमाणित समुद्रसपाटीला ती १.२२५ असते. म्हणजे इंजिनाला वाटतं आपण १,४०० मीटर उंचीवर आहोत. टर्बो नसलेलं इंजिन अशा हवेत आपल्या शक्तीच्या ८६ टक्केच देतं: १३४ किलोवॅटचे ११५. जागेवर उभं असताना मिळणारा थ्रस्ट, म्हणजे प्रोपेलरचा पुढे ओढणारा जोर, संवेगाच्या सूत्राने ४,५०० न्यूटन निघतो. प्रत्यक्षात चांगल्या, पिच (पात्यांचा कोन) बदलणाऱ्या प्रोपेलरकडून त्याच्या पाऊण हिस्सा धरावा, म्हणजे ३,४००. वेग वाढेल तसा तो घटतो. सेकंदाला ९ मीटर वेगाला मी ३,१०० धरतो.

सेकंदाला ९ मीटरच का? कारण फ्लोटसाठी वेग मोजायची पट्टी वेगळी असते. वेगाला गुरुत्वत्वरण गुणिले फ्लोटची रुंदी, याच्या वर्गमुळाने भागायचं; येणारा आकडा म्हणजे वेगगुणक. ०.७५ मीटर रुंदीला ते वर्गमूळ २.७१ येतं. मुख्य हंप बहुतेक फ्लोटांना या वेगगुणकाच्या अडीच ते साडेतीन या पट्ट्यात भेटतो. ९ ला २.७१ ने भागलं की ३.३. तुमच्या विमानाचा पाण्यातून सुटण्याचा वेग, फ्लॅप टाकून, सेकंदाला ३० मीटरच्या जवळ आहे, म्हणजे हंप त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. मोठ्या उडत्या बोटींना, म्हणजे स्वतःच्या धडावर तरंगणाऱ्या विमानांना, तो निम्म्या वेगापर्यंत सरकतो.

त्या वेगाला पंख फार काही उचलत नाहीत, ८०० न्यूटनच्या आसपास. एकूण वजन १०,८०० न्यूटन आहे. उरलेले दहा हजारांजवळ न्यूटन पाण्यावर. बऱ्या घडणीच्या फ्लोटचा हंपवरचा रोध पाण्यावरच्या भाराच्या २० ते २५ टक्के असतो. प्राथमिक आराखड्यात मी २२ टक्के घेतो, आणि घडणीबद्दल शंका असेल तर २५. तुमच्या बाबतीत २२ टक्क्यांनी २,१९० न्यूटन. हवेचा रोध आणखी शंभर. तर ३,१०० मधून हे वजा जाता हातात उरले ८१० न्यूटन, त्वरण ०.७४. विमान हंप ओलांडेल, पण मिशीला पीळ देण्याइतकं काही नाही. थ्रस्टच्या निदान चौथा हिस्सा हंपवर शिल्लक राहिला पाहिजे, हा माझा स्वतःचा दंडक आहे. तुम्ही त्या रेघेवर नेमके उभे आहात.

हाच हिशोब समुद्रकिनारी केला तर शिल्लक १,३०० न्यूटन येते. पाण्याला उंचीशी देणंघेणं नसतं. महाबळेश्वरच्या पायथ्याला असो की रत्नागिरीच्या खाडीत, गोड पाण्याची घनता हजार आणि खाऱ्याची १,०२५. फ्लोटला धरून ठेवणारा हात तितकाच घट्ट राहतो आणि सोडवणारा हात तेवढा सैल पडतो. थ्रस्ट १३ टक्क्यांनी कमी झाला तर शिल्लक जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. परदेशी फ्लोट-विमानांच्या माहितीपत्रकातलं समुद्रसपाटीचं अंतर उचलून त्यात दहा टक्के मिळवणारे आराखडे मी बरेच पाहिलेत. ते इथेच बुडतात.

आता वजन फक्त शंभर किलोंनी वाढवा. चार माणसं, थोडं जास्त इंधन, फ्लोटमध्ये झिरपलेलं पाणी. (ते झिरपतंच. सकाळी उड्डाणाआधी प्रत्येक कप्प्यातलं पाणी हातपंपाने काढणं हा फ्लोट-वैमानिकाच्या दिवसाचा पहिला विधी असतो.) १,२०० किलोंना फ्लोट खोल बसतो, म्हणून रोधाची टक्केवारीही चढते, २२ ची २४ धरू. रोध २,६२० होतो आणि शिल्लक राहते ३८०. वजन नऊ टक्के वाढलं, शिल्लक निम्म्याहून कमी. ६ ते १२ मीटर वेगाचा टप्पा जो सात सेकंदांत संपत होता, तो आता चौदा घेईल. आणि तुमचं ०.१ चं सूत्र याच १,२०० किलोंना काय सांगतं? धाव ४२५ मीटर. शंभर मीटर वाढले, बाकी सगळं क्षेमकुशल! सूत्राला हंप दिसतच नाही, म्हणून ते घाबरतही नाही.

मग ३२५ मीटरच्या जागी खरा आकडा किती? वेगाचे आठ तुकडे पाडा. प्रत्येक वेगाला थ्रस्ट, पाण्याचा रोध आणि हवेचा रोध मांडा, त्वरण काढा, आणि तुकड्याला लागणारा वेळ व अंतर बेरजेत घ्या. वहीच्या एका पानात मावतं. मी केलं: १,१०० किलोंना, वारा नसताना, ३० सेकंद आणि साधारण ५०० मीटर. तुमच्या उत्तराच्या दीडपट. यात एक गंमत बघा. ० ते ९ मीटर वेगापर्यंतचं अंतर अवघं ३० मीटर आहे, आणि २० ते ३० मीटर वेगाच्या टप्प्यात २८५ मीटर जातात. म्हणजे निकाल हंपवर लागतो आणि अंतर शेवटी खर्च होतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्यांना एका घर्षणांकात कोंबू नका.

शेवटच्या टप्प्यातही एक छोटी अडचण दबा धरून बसलेली असते. सुटण्याच्या थोडं आधी, तुमच्या बाबतीत सेकंदाला २५ मीटरच्या आसपास, थ्रस्ट बराच घटलेला असतो, हवेचा रोध वाढलेला असतो आणि फ्लोटचा तळ थोडासाच ओला असला तरी वेगामुळे त्याचं घर्षण जोरात असतं. तिथे त्वरण पुन्हा ०.७४ वर येतं. वैमानिकाने घाईने नाक उचललं तर फ्लोटचा मागचा भाग पाण्यात टेकतो आणि रोध वाढतो; नाक जास्त दाबलं तर पुढचा भाग ओला होतो आणि तरीही वाढतो. मधला पट्टा चार ते सहा अंशांचा असतो. या पट्ट्याच्या बाहेर, वरही आणि खालीही, विमान डॉल्फिनसारखं उड्या मारू लागतं. त्याला पॉर्पॉइझिंग म्हणतात आणि त्याने विमानं मोडलेली आहेत. प्राथमिक आराखड्यात त्याचं गणित करत बसू नका. गुरुत्वमध्य स्टेपच्या किंचित पुढे ठेवा आणि हंपच्या वेगाला शेपटीच्या एलेव्हेटरमध्ये नाक सांभाळण्याइतका जोर आहे का, एवढं तपासा. थ्रस्टची रेषा पाण्यापासून जितकी उंच, तितकं नाक खाली दाबलं जातं, हेही त्यात धरा.

आता आकडे आणायचे कुठून. अमेरिकेच्या नाका (NACA) या विमान-संशोधन संस्थेने, म्हणजे नासाच्या पूर्वसूरीने, लँगली इथे १९३१ साली विमानांच्या हल (उडत्या बोटीचं तरंगणारं धड) आणि फ्लोटसाठी लांब टोइंग टँक सुरू केला आणि पुढची वीसेक वर्षं तिथे शेकडो आकार ओढून पाहिले. ते अहवाल आज सगळ्यांना मोफत उपलब्ध आहेत. त्यात वेग, भार आणि रोध हे तिन्ही रुंदीच्या हिशोबात मांडलेले असतात, त्यामुळे आपल्या फ्लोटला सरळ लावता येतात. भारगुणक म्हणजे एका फ्लोटवरचं वजन भागिले (पाण्याची घनता गुणिले रुंदीचा घन). तुमचे ५५० किलो आणि ०.७५ मीटर घातले की १.३ येतो. तेवढ्या भारगुणकाचा, साधारण २० ते २५ अंश डेडराइजचा, म्हणजे तळाच्या व्ही आकाराचा उतार तेवढा असलेला एखादा फ्लोट शोधा आणि त्याचा आलेख वापरा. स्वतःचा नवा आकार काढायचा मोह आवरा. पहिल्या आराखड्यात सिद्ध झालेला तळ उसना घेण्यात कमीपणा काही नाही.

हंपच्या पुढचा, प्लेनिंगचा भाग गणिताने काढता येतो. डॅनियल साविट्स्की यांनी १९६४ साली प्लेनिंग बोटींसाठी मांडलेली समीकरणं त्यासाठी पुरेशी आहेत: वेगगुणक, ट्रिमचा कोन (नाक किती अंश वर आहे तो) आणि ओल्या भागाची लांबी यांवरून उचल मिळते. पडताळा म्हणून तुमच्या फ्लोटचं सेकंदाला १५ मीटरचं गणित केलं. ट्रिम ६ अंश, डेडराइज २२ अंश. ओली लांबी रुंदीच्या दीडपट निघाली आणि दोन्ही फ्लोट मिळून रोध १,५६० न्यूटन. माझ्या बेरजेत मी त्या वेगाला १,७०० घेतले होते, कारण ही समीकरणं स्टेपच्या मागचा भाग कोरडा धरतात आणि खऱ्या फ्लोटच्या त्या भागावर तुषार आदळत राहतात. दहा टक्के त्यासाठी ठेवा. पण ही समीकरणं मागे ओढून हंपवर लावू नका. तिथे मागचा भाग अजून पाण्यात असतो, आणि समीकरणातली बोट आणि तुमचा फ्लोट या दोन वेगळ्या वस्तू असतात.

तुषारांवरून आठवलं. तुमचा स्टेपच्या पुढचा भाग आखूड आहे. भारगुणकाला पुढच्या भागाची लांबी भागिले रुंदी, याच्या वर्गाने भागा. उत्तर ०.०६७५ च्या आसपास आलं तर तुषार आटोक्यात, ०.०८२५ ला जड. तुमचं ०.०८१ आहे. म्हणजे नेमकं हंपच्या आधी, इंजिन पूर्ण जोरात असताना, प्रोपेलर पाणी झोडणार. पाण्याचे थेंब त्या वेगाला धातूच्या पात्यांच्या कडा खातात. पुढचा भाग ३.३ मीटर करा, प्रश्न मिटेल. उत्प्लावनाचा नियमही तपासा: प्रत्येक फ्लोटने आपल्या वाट्याच्या वजनापेक्षा ८० टक्के जास्त उचललं पाहिजे, म्हणजे प्रत्येकी किमान ९९० लिटर आकारमान, आणि आत किमान चार जलरोधक कप्पे.

छोटं मॉडेल ओढून पाहायचा विचार तुमच्या मनात येईल. चांगला आहे, पण मी त्यात कसा फसलो ते आधी ऐका. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका फ्लोटचं पाच पटींनी लहान मॉडेल फायबरचं केलं, सव्वा मीटरच्या आतलं, साडेचार किलोंचं. टँक परवडत नव्हता. गावाजवळच्या कालव्याच्या कडेने सेवारस्ता होता. मोटरसायकलच्या मागे बांबू आडवा बांधला, त्याच्या टोकाला ताणकाटा आणि ताणकाट्याला दोरीने मॉडेल. एक जण गाडी चालवणार, मी मागे उलटा बसून काट्याचं वाचन ओरडणार, तिसरा काठावर वहीत टिपणार. मॉडेलचा वेग खऱ्या वेगाच्या पाचाच्या वर्गमुळाने कमी असावा लागतो, म्हणून हंप सेकंदाला ४ मीटरच्या जवळ अपेक्षित होता आणि काट्यावर ९०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात ३ मीटर वेगालाच काटा सव्वा किलोवर गेला आणि तिथून पुढे उलट उतरू लागला. कालव्यात मॉडेलच्या पुढे एक बुटकी, गुळगुळीत लाट चालत होती, दोन्ही काठांचं गवत भिजवत. म्हशी धुणारा एक गडी आमच्याकडे बघत उभा होता. त्याच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढलं आणि त्याने आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आम्ही मात्र खूश! हंप लवकर येतो असं समजून प्रोपेलरचा पिच त्या हिशोबाने सुचवला. नंतर प्रत्यक्ष पाण्यावर विमान भलत्याच वेगाला रेंगाळलं तेव्हा डोकं खाजवत बसलो. कारण साधं होतं. कालव्यात पाणी जेमतेम मीटरभर खोल होतं. उथळ पाण्यात लाटेला एक कमाल वेग असतो, खोली गुणिले गुरुत्वत्वरणाचं वर्गमूळ, आणि मीटरभर खोलीला तो सेकंदाला ३.१ मीटर. मॉडेलने तो वेग गाठला की पाण्याला बाजूला जायला फुरसत मिळेना, काठांनी आणखी कोंडलं, आणि रोध उसळला. आम्ही मोजलं ते कालव्याचं शिखर होतं, फ्लोटचं नव्हतं. तेव्हा ओढायचं असेल तर तलावात, खोली मॉडेलच्या लांबीच्या तीन-चार पट असेल तिथे, आणि बोटीच्या लाटेबाहेर काढलेल्या दांड्यावरून ओढा. बोटीच्या मागे दोरी बांधून ओढलं तर बोटीचीच लाट मोजाल.

प्रोपेलरबद्दल एक वेगळी तक्रार आहे. तुमच्या आकड्यांत पिच कुठेच दिलेला नाही. मी वर पिच बदलणारा प्रोपेलर धरला. तुम्ही खर्च वाचवायला स्थिर पिचचा आणि त्यातही प्रवासाच्या वेगाला जुळवलेला घेतला तर हंपवरचा थ्रस्ट ३,१०० ऐवजी २,६०० च्या आसपास धरा, आणि मग शिल्लक ३०० न्यूटन. म्हणजे शंभर किलो जादा वजन भरल्यापेक्षाही वाईट. १९२०-३० च्या दशकांत श्नायडर करंडक या पाण्यावरच्या विमानांच्या शर्यतीसाठी धावणारी सुपरमरीनची विमानं स्थिर पिचवर, कमाल वेगाला जुळवलेल्या प्रोपेलरने उडत. जागेवर त्यांची पाती अक्षरशः हवा घुसळत असत आणि टॉर्कमुळे, म्हणजे प्रोपेलरच्या उलट पिळामुळे, एक फ्लोट पाण्यात दबे. तो तोल सावरायला त्यांनी उजव्या फ्लोटमध्ये जास्त इंधन ठेवण्याची युक्ती केली होती. शर्यतीला ते शोभतं. तुम्ही बामणोलीहून चार माणसं उचलणार आहात, तेव्हा प्रोपेलर हंपसाठी निवडा आणि प्रवासाचा वेग थोडा पडला तर पडू द्या.

वारा किती मदत करतो? सेकंदाला ५ मीटर समोरचा वारा असेल तर पाण्यावरची धाव ५०० वरून साधारण ३५० वर येते, कारण शेवटचा महागडा तुकडाच गळून पडतो. हंपवर मात्र फायदा बेताचा. पंख थोडं जास्त उचलतात, पण हवेच्या हिशोबाने वेग वाढल्याने थ्रस्टही थोडा घटतो. म्हणून "वारा असेल तेव्हा उडू" असं म्हणून कमी थ्रस्टचं समर्थन करू नका. आणि अगदी निवांत, आरशासारखं पाणी फोटोला छान, उड्डाणाला वाईट. फ्लोटचा तळ त्याला चिकटून राहतो. अनुभवी वैमानिक अशा वेळी आधी एक गोल चक्कर मारून स्वतःच्या लाटा तयार करतात किंवा एलेरॉनने, म्हणजे पंखाच्या टोकाजवळच्या हलत्या पट्टीने, एक फ्लोट आधी उचलून घेतात. पहाटे शिवसागरावर नेमकं असंच पाणी असतं. दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटतो, पण त्यासोबत उष्णताही वाढलेली असते.

तुम्ही शेवटी विचारलंय की सांगलीत कृष्णेवर, आयर्विन पुलाच्या अलीकडे, प्रात्यक्षिक झालंच तर प्रवाहाच्या दिशेने उडायचं की विरुद्ध. शर्यतीच्या होड्या पाहून वाढलेला कुणीही छातीठोकपणे काहीतरी सांगेल, पण गणित करा. वारा नाही आणि प्रवाह सेकंदाला १ मीटर आहे असं समजा. प्रवाहासोबत वाहत असलेल्या विमानाला समोरून सेकंदाला १ मीटरचा वारा फुकट मिळतो, म्हणून ते पाण्याच्या हिशोबाने १ मीटर कमी वेगाला सुटतं आणि फ्लोटला मार कमी बसतो. पण त्या ३० सेकंदांत प्रवाह त्याला ३० मीटर पुढेही नेतो. काठावरून मोजलेलं अंतर दोन्ही दिशांना जवळपास सारखंच येतं. तेव्हा प्रवाह विसरा आणि वाऱ्याच्या तोंडाला उडा. आणि त्या पात्रात ५०० मीटर धाव, वर झाडांच्या नि तारांच्या उंचीपर्यंत चढायचं अंतर, शिवाय उड्डाण रद्द करावं लागलं तर थांबायचं अंतर, एवढं सरळ पाणी पुलापर्यंत आहे का, हे आधी नकाशावर पट्टी ठेवून बघा. मला वाटतं तिथेच तुमचा बेत बदलेल.

पिच ठरला की ६ ते १२ मीटर वेगाच्या टप्प्यासाठी थ्रस्टचे चार आकडे काढा आणि १,२०० किलोंचा तक्ता पुन्हा मांडा. १,१०० चा नको. विमान कागदावरून बाहेर येईपर्यंत ते १,२०० चं झालेलं असेल.